फोनमधली आजीच बरी

आजी जवळ गेली की ठकू भोकाड पसरायची, आणि तीच आजी फोनमध्ये दिसली की टाळ्या पिटायची. मुलाच्या त्या परदेशातल्या दोन खोल्यांच्या घरात या एका गोष्टीपायी आजीची अन्नावरची वासना उडाली होती.

चूक तशी कोणाचीच नव्हती. नात जन्मली तेव्हा आजीचे गुडघे आणि व्हिसा दोन्ही एकाच वेळी अडून बसले. त्यामुळे ठकूनं आजी पाहिली ती रोज फोनमध्ये. तळहाताएवढी, चपटी, हातपाय नसलेली, पण गाणी म्हणणारी. ही आजी ठकूला फार आवडायची. आणि मग एके दिवशी विमानतळावर एक चांगली भरभक्कम बाई दोन्ही हात पसरून, त्याच आवाजात ओरडत, तिच्या अंगावर धावून आली. ठकू अशी किंचाळली की आजूबाजूच्या सामानाच्या ढकलगाड्या जागच्या जागी थांबल्या.

"घाबरली गं ती," आजोबांनी समजूत घातली. "तू एकदम अख्खी आलीस ना."

"मग काय हप्त्याहप्त्यानं यायला हवं होतं का मी?"

आजोबांचं बरं होतं. फोनवर त्यांचा कायम नुसता कान नाहीतर अर्धं टक्कल दिसायचं. त्यामुळे ठकूच्या लेखी ते कोणी नवेच गृहस्थ होते. ती त्यांना खुर्ची-टेबलासारखं चालवून घ्यायची. आजीचं तसं नव्हतं. आजीला ती ओळखत होती, म्हणूनच सहन करू शकत नव्हती.

आजीनं सगळे उपाय केले. रंगीत साडी नेसून पाहिली, पांढरी नेसून पाहिली. चष्मा काढला, तर ठकूऐवजी पलंगाच्या पायाला बाळ म्हणून बोलावलं. पाठमोरी बसून मागे मागे सरकत गेली, तर ठकू तिच्या अंबाड्याला बघूनच रडली. शेवटी आजीनं हार मानली. ठकूला भरवायचं झालं की आजी आतल्या खोलीत जाऊन बसायची आणि तिथून फोन लावायची. बाहेर आजोबा फोन धरायचे, सूनबाई घास द्यायची आणि ठकू आजीच्या गाण्यावर वाडगा चाटूनपुसून साफ करायची. हजारो मैल उडून आलेली आजी मधल्या एका भिंतीपाशी अडकून पडली होती.

त्यात सूनबाईची रजा संपत आली.

"आई," ती एक दिवस चाचरत म्हणाली, "सोमवारपासून मला कामावर जायचंय. पाळणाघरात ठकूचं नाव घालून ठेवलंय. पण ती तुमच्याकडे राहिली ना, तर नको म्हणून कळवते. गुरुवारी मला अर्धा दिवस जायचंच आहे. बघू या का जमतंय ते?"

"जमेल की. न जमायला काय झालं?" आजी म्हणाली खरी. 'नातीला सांभाळायला चालले' असं सांगत ती निघताना सगळ्या कॉलनीत फिरली होती. आता पाळणाघराचं दार बघून परत आले म्हणून सांगायचं? आणि कॉलनीचं एक वेळ असो, पण एकदा, निदान एकदा, ते मऊ ओझं कुशीत घ्यायला मिळावं की नाही?

गुरुवारी सूनबाई दारात चारचारदा मागे वळली. मुलगा कामासाठी दुसऱ्या गावी गेला होता. "बाबा, हे दार आपोआप बंद होतं हं. किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही," असं बजावून आणि डोळे पुसून ती गेली.

ठकूच्या जेवणाची वेळ झाली. आजोबांनी तिला उंच खुर्चीत बसवून पट्टा बांधला, आपला फोन समोरच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आजी आतल्या खोलीत गेली. पण आज ग्रह फिरले होते. एका घरात दोन फोन बोलायला लागले की सासवा-सुनांसारखे एकमेकांवर किंचाळतात. रोज सूनबाई काहीतरी दाबून त्यांना गप्प करायची. काय दाबायची, ते या दोघांना ठाऊक नव्हतं. आजी आतल्या खोलीतून न्हाणीघरात गेली. फोनमधली शिट्टी वाजतच राहिली. ठकूचा ओठ थरथरायला लागला.

"अगं, लांब जा! आणखी लांब!" आजोबा ओरडले.

"आता काय परत देशात जाऊ?"

शेवटी आजी दाराबाहेर जिन्यात जाऊन बसली. शिट्टी थांबली. ठकू हसली. गाणं सुरू झालं, घास सुरू झाले. आजीला जरा हायसं वाटलं, तेवढ्यात आजोबांनी दारातून मान बाहेर काढली. मानेपाठोपाठ उरलेले आजोबाही आले.

"अगं, आवाज जरा वाढव. तिला नीट..."

मागे दार मिटलं. आवाज अगदी सभ्य होता, टक एवढाच.

आजीनं वर पाहिलं. आजोबांच्या एका हातात चमचा, खांद्यावर लाळेरं, पाय अनवाणी.

"किल्ली?"

"आत."

"तुमचा फोन?"

"ठकूपुढे. त्यातच तर तू आहेस."

आता आजीच्या लक्षात सगळा घोळ आला. आत ठकू एकटी. खुर्चीला बांधलेली, गॅस बंद, म्हणजे इजा होण्यासारखं काही नाही. पण तिच्याजवळ घरात माणूस म्हणून कोण, तर फोनमधली आजी. सुनेला कळवायचं तर हाच एक फोन. तो ठेवला की ठकूसमोर काळी काच, आणि मग एकटं लेकरू काय आकांत करील कोण जाणे. चालू फोनवरून दुसरा लावता येतो असं मुलगा म्हणाला होता खरा, पण कुठलं बटण दाबल्यावर काय मरतं याची खात्री नव्हती.

"तुम्ही खाली जा. तो इमारत सांभाळणारा आहे ना, त्याला घेऊन या. त्याच्याकडे किल्ल्या असतात."

"आणि त्याला सांगू कुठल्या भाषेत?"

"हातवारे करा! जन्मभर माझ्याशी तसेच बोललात ना?"

आजोबा धावले. इकडे आजी गात होती. बडबडगीतं संपली, अंगाई संपल्या, शाळेतल्या कविता आल्या, मग पाढे. वरच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई पिशवी घेऊन उतरत होती. जिन्यात बसून, डोळ्यांतून पाणी गाळत, फोनला तेराचा पाढा म्हणून दाखवणारी बाई पाहून तिला भडभडून आलं. ती शेजारी टेकली आणि आजीची पाठ चोळू लागली. आजीला नको म्हणायलाही उसंत नव्हती.

आजोबा परत आले. एकटेच. काखेत एक बाहुली.

"हे काय?"

"मी हातांचा पाळणा करून दाखवला, वर बोट केलं, कपाळाला हात लावला. तो म्हणाला थांबा, आणि हरवलेल्या वस्तूंच्या कपाटातून ही काढून दिली. पाठीवरून हातही फिरवला गं त्यानं."

"अहो, फोनचं चार्जिंग लाल झालंय! त्याला ओढून आणा, उचलून आणा, काही करा!"

या खेपेला आजोबांनी त्या माणसाचं मनगट धरलं ते दारापाशी येईपर्यंत सोडलं नाही. माणूस आडदांड, दाढी छातीपर्यंत, कमरेला किल्ल्यांचा घोस. त्यानं एकेक किल्ली लावायला सुरुवात केली. आजी सतराच्या पाढ्यात होती. सतरा साते म्हणता म्हणता फोननं मान टाकली आणि आतून ठकूनं जो टाहो फोडला, त्यानं आजीचं काळीज फाटलं.

तेवढ्यात दार उघडलं. सगळ्यांत आधी आत गेली ती दाढी. खळखळणाऱ्या किल्ल्यांसह. ठकूचा टाहो घशातच अडकला. तिनं दाढीकडे पाहिलं. दाढीमागून आत घुसणाऱ्या, पदर सुटलेल्या, घामाघूम आजीकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. दगडापेक्षा वीट मऊ. तिनं दोन्ही हात आजीकडे पसरले.

आजीनं पट्टा सोडला आणि तिला उचललं. ठकूनं तिच्या मानेला मिठी घातली, बोटांत केस पकडले, गळ्यात नाक खुपसलं. आजीनं तिला घट्ट धरलं. आजोबांनी दोनदा नाक शिंकरलं. शेजारीणबाई हळूच पिशवी उचलून गेली. दाढीवाल्यानंही आवाज न करता किल्ल्या गोळा केल्या.

त्याच दारातून सूनबाई आत आली. केस विस्कटलेले, धाप लागलेली.

"दोघांचे फोन सारखे एंगेज, सारखे एंगेज! मी अर्ध्यावर काम टाकून पळत आले. ठकू? बरी आहेस ना तू? ये, ये माझ्याकडे."

ठकूनं आईकडे पाहिलं, मान फिरवली आणि पुन्हा आजीच्या गळ्यात तोंड लपवलं.

जिंकले, आजीला वाटलं. मिटला सोमवार. आता पाळणाघर नको, भिंत नको, फोन नको. तिनं वर पाहिलं.

सुनेचे हात तसेच पुढे होते. ते मागे कसे घ्यावेत, हे तिला कळत नव्हतं. "अगंबाई, रमली की तुमच्याकडे," ती हसत म्हणाली, आणि तिची हनुवटी हलली.

पसरलेले हात रिकामे राहिले की कसे दिसतात, हे त्या घरात आजीइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

आजीनं ठकूला थोपटलं. गालाला गाल लावला, खोल वास घेतला. आणि थोपटता थोपटता तिच्या मांडीला बारीकसा चिमटा काढला.

ठकूनं घर डोक्यावर घेतलं आणि आईकडे झेप टाकली. सुनेनं तिला वरच्या वर झेललं, छातीशी धरलं, "झालं गं, झालं, आले ना मी," म्हणत डुलायला लागली. तिच्या तोंडावर पुन्हा रंग आला. जरा वेळानं ती अपराध्यासारखी म्हणाली, "तुम्ही खूप केलंत हो, आई. पण बघा ना, तिला अजून तुमची सवयच नाही. सोमवारपासून पाळणाघरच ठेवू या का?"

"ठेव बाई," आजी म्हणाली. "तेच बरं."

आजोबा जवळ सरकले. "मी पाहिलं हं."

"काय पाहिलंत?"

"तू काय केलंस ते."

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमच्या. दाखवून घ्या."

ठकूचे हुंदके ओसरले होते. आईच्या खांद्यावरून ती आजीकडे टक लावून बघत होती. पहिल्यांदाच, न रडता, बराच वेळ. ही बाई नक्की कोण, हे तिला आता नीट कळलं होतं.