झिपरूआप्पाची चाल

अक्षर माझं कोंबडीनं उकरल्यासारखं आहे आणि ऱ्हस्वदीर्घाचं मला कधी कळलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती हे पडलंच तर सांभाळून घ्यावं.

आमचे भिलाआबा, म्हणजे माझे चुलत सासरे, ताक मागायच्या आधी विचार करत. ओट्यावर बसून पुटपुटत, "मी ताक मांगसू. वहू म्हणी, सरनं. मंग मी म्हणसू, दही दे. आन् मंग ती काय करी? म्हणी, विरजनच नही लागनं!" माझ्याशी एवढं सगळं भांडण मनातच होई आणि आबा रागानं उपाशीच शेतात निघून जात. इकडे ताकाचा तांब्या भरलेलाच.

"आन् मंग तो काय करी?" हे त्यांचं नेहमीचं. एकदा मारक्या बैलासमोर उभे राहून असाच विचार करत होते. बैलानं काही विचार केला नाही. आठवडाभर आबा पालथे झोपले.

हा सगळा बुद्धिबळाचा गुण. आमच्या रनाळे गावात त्यांच्याशी खेळणारा एकच माणूस, झिपरूआप्पा. रोज दुपारी आमच्या ओट्यावर पट मांडलेला. तापाच्या साथीत आप्पा गेले, डाव अर्धाच राहिला. आबांनी तो मोडू दिला नाही. आप्पांचा पाटही तिथंच.

मग आबा दोघांचं खेळू लागले. टळटळीत दुपारी, गल्लीत चिटपाखरू नसताना, ते उठून आप्पांच्या पाटावर बसत. एक विडी पेटवून कडेला ठेवत. तिथं बसले की त्यांचा आवाज बदले. आबांना कधी खोकला नव्हता, पण त्या पाटावर ते आप्पांसारखे खोकत. विडी कुणी न ओढता सरे. सासूबाई मीठमिरची ओवाळून थकल्या. ओट्याकडे बोट करून "आठे दोन जण ऱ्हातस," म्हणत आणि त्या बाजूनं जात नसत.

मला मात्र जावंच लागे. कपाशीची धूळ रोज पटावर बसायची. एकेक सोंगटी उचलायची, पुसायची, त्याच घरात ठेवायची. असं करता करता डाव मला कळू लागला. कुणाला सांगणार?

एके दुपारी मी ओटा सारवत होते. आबा आप्पांच्या पाटावर होते. आबांच्याच वजिरानं आणि हत्तीनं आप्पांच्या राजाला कोपऱ्यात धरलं होतं. आता पुढच्या चालीला मात. आबा कितीतरी वेळ बसले. विडी सरली. खोकला आला नाही.

मग ते स्वतःच्याच आवाजात म्हणाले, "झिपरू, बोल ना रे. डाव सरना म्हंजे तू बी जाशी. मंग मी कोनासंगे बोलू?"

आमच्याकडच्या खेळात राजाला डावात एकदाही शह लागलेला नसेल, तर त्याला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. आप्पांच्या राजाला आबांनी कधीच शह दिला नव्हता. मी दाराआड सरकले, पदर ओढला, आणि मोठ्यांसमोर कधी न बोललेली मी बोलून गेले.

"राजानी उडी बाकी शे, आबा."

आबांनी वर पाहिलं नाही. "झिपरू उडी नही मारस. 'राजा काय बेडूक शे?' म्हने तो."

"आते मारी," मी म्हटलं. "त्याले जावानं नही."

 हे मला कसं सुचलं, आजही ठाऊक नाही.

आबा हळूच उठले. आपल्या पाटावर परत गेले आणि पटाकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसले. सुनेनं सासऱ्यासमोर बसायचं नसतं म्हणून.

"आते मी काही देखत नही," पाठमोरेच म्हणाले. "झिपरू, तुन्ही चाल."

गल्लीत कुणी नव्हतं. मी हात पुसले, आप्पांच्या पाटावर बसले आणि राजा उचलला. सावलीतलं ते लाकूड कोमट होतं, आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखं.

मी त्याला उडी दिली.