घंगाळावरचे सोळा आकडे

घंगाळ गुंडाळण्याआधी हेमाताईंनी त्यावरून शेवटचा फडका फिरवला आणि त्यांचा हात काठाशीच थांबला. तिथे नाव असायला हवं होतं. होते आकडे! चार-चारच्या गटांत सोळा, मग महिना आणि वर्ष, आणि शेवटी आणखी तीन.

"अहो, हे काय कोरलंत?"

"गिऱ्हाईकानं लिहिलं ते," ठोका न थांबवता दिगंबरराव म्हणाले. कसब्यातल्या त्यांच्या तांब्या-पितळेच्या दुकानात गिऱ्हाइकाला उलटे प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

"अहो, हा कुणाच्या तरी कार्डाचा नंबर आहे! मागच्या गुप्त आकड्यांसकट!"

"मग? एखादा आकडा चुकलाय का?"

दुकानाची वेबसाइट हेमाताईंनीच हौसेनं करून घेतली होती. कुणाच्या कार्डाचा तपशील आपल्याकडे राहायलाच नको, म्हणून पैसे भरायचं पान थेट बँकेचं ठेवलं होतं. पण या गिऱ्हाइकानं 'पैसे वस्तू मिळाल्यावर' हा पर्याय निवडला होता आणि तरीही कार्डाचा नंबर भरला होता. 'कोरायचा मजकूर इथे लिहा' या चौकटीत. जो नंबर वेबसाइटनं क्षणभरही जवळ ठेवायचा नव्हता, तो दिगंबररावांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असा तांब्यावर उमटवला होता.

"कुणी पाहिलं तर नाही ना हे?"

"कोण बघणार? सकाळपासून पुढच्या फळीवर होतं. आणि स्टेटसला फोटो टाकलाय. काम सुबक उठलंय."

हेमाताईंनी फोन हिसकावून फोटो काढून टाकला. ऑर्डरमधला मजकूरही पुसला. मग ऑर्डरवरचा नंबर लावला. नाव होतं तनुजा, पत्ता खराडीचा.

"तनुजाताई का? घाबरू नका हं. तुमच्या कार्डाचा नंबर माझ्याकडे आहे."

हेमाताईंनी आवाज आणखी खाली आणला.

"मागचे तीन आकडेसुद्धा. पण मी तसली बाई नाही. तुम्ही घरी कधी असता, तेवढं फक्त सांगा."

"लाज नाही वाटत? पोलिसांत देईन!"

फोन कापला गेला. पुन्हा लागेचना.

शेवटी घंगाळ चादरीत बांधून हेमाताई रिक्षात बसल्या. रिक्षावाल्यानं आरशात पाहिलं की त्या गाठोडं पोटाशी आणखी घट्ट धरत. दर सिग्नलला त्यांना वाटे, एव्हाना कुणीतरी त्या नंबरावर सोनं खरेदी करून मोकळं झालं असेल आणि बेड्या मात्र आपल्या हातात पडतील.

खराडीतल्या फ्लॅटचं दार साखळीपुरतंच उघडलं.

"मी काही मागवलेलं नाही," तनुजा फटीतून म्हणाली. "आणि हा आवाज... मघाशी फोन तुम्हीच केला होता ना?"

"तनुजा, कोण हाय गं?" आतून तिचे सासरे संभाजीराव आले. "घंगाळ आलं व्हय? म्या मागवलंय. तुझ्या वाढदिवसाला."

"माझ्या वाढदिवसाला? माझ्याच कार्डावर?"

"आगं, टेबलावर पडलं हुतं. त्यांनी कारड इचारलंच न्हाई, मग मोकळी चौकट दिसली तिथं भरलं. फुकट कसं घ्यायचं?"

साखळी निघाली. हेमाताईंनी चादर सोडली. तांब्यावर झळकणारा स्वतःचा नंबर तनुजानं एकेका आकड्यावर बोट ठेवून वाचला. मग तिला हसू फुटलं. "तुमचा फोन आला आणि लगेच कार्ड बंद केलं मी. घाबरूनच."

हेमाताईंनी कसब्यापासून कोंडलेला श्वास सोडला. "फार उत्तम केलंत हो! हे घासून, नाव घालून पाठवते."

"पर तुमचं पैसं ऱ्हायलं की, बाई." संभाजीरावांनी खिसे चाचपले. "रोख न्हाई. थांबा, माझं कारड हाय."

त्यांनी चष्मा चढवला, कार्ड डोळ्यांजवळ धरलं आणि उघड्या दारात उभं राहून, बांधापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशा आवाजात सुरुवात केली, "घ्या लिवून! चार, पाच, शून्य..."

समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं.

हेमाताईंनी घंगाळ धाडकन खाली सोडलं आणि दोन्ही कानांवर हात ठेवले.