पिकअपचा पिवळा दिवा

एका जंगलात शाळा नव्हती, दवाखाना नव्हता. पण पिकअप होती. जंगलांचे असेच असते, बाळांनो.

ती पिकअप म्हाळू रेड्याची. जुनी, शहरात कुणीतरी कंटाळून टाकलेली, आपले आपण गिअर बदलणारी. म्हाळू तिच्यात पाण्याची टाकी ठेवायचा आणि उन्हाळाभर वरच्या पठारावर पाणी पोचवायचा. पठारावरचा झरा आटला की धडधाकट जनावरे खाली नदीकडे उतरून येत. वर राहायची एकटी सगुणा सांबरीण. तिचे गुडघे गेले होते. म्हाळू तिला आत्या म्हणायचा. पिकअप चढली तर आत्या पाणी प्यायची, नाही तर नाही. इतकी साधी गोष्ट होती ती.

एका सकाळी पिकअप घाटात अडली. इंजिन नुसते ओरडायचे, चाके ढिम्म. मध्येच गिअर पडला तर असा हिसका बसायचा की टाकीतले पाणी उसळून रस्त्यावर. समोर पिवळा दिवा लागला. खालून करपलेल्या तेलाचा वास येऊ लागला. म्हाळूने गाडी हळूहळू मागे उतरवली आणि लिंबाजी माकडाकडे नेली.

लिंबाजीला सगळे डॉक्टर म्हणत, कारण त्याच्याकडे एक यंत्र होते. त्याची वायर गाडीत खुपसली की यंत्रावर कोड येई. लिंबाजीचा एक नियम होता. गाडीखाली जायचे नाही. हात काळे झालेले माकड त्या जंगलात डॉक्टर राहत नसे.

यंत्रावर आले, पी शून्य सातशे. जमलेल्या जनावरांनी हात जोडले. त्या आकड्याचा अर्थ एवढाच होता की गिअरबॉक्समध्ये काहीतरी बिघडले आहे, पुढे तपासा. ते तर म्हाळू सांगतच आला होता. पण म्हाळूने सांगितली ती कुरकुर होती. यंत्राने सांगितले ते निदान झाले.

“डॉक्टर, खालून तेल करपल्याचा वास येतोय,” म्हाळू म्हणाला.

“वासाचा कोड नसतो, म्हाळबा.”

लिंबाजीने एक सेन्सर बदलला. आकडा तोच. दुसरा बदलला, मग वायरी बदलल्या. आकडा तोच. एव्हाना गाडीखाली काळ्या तेलाचे थारोळे साचले होते. डॉक्टरांना अवघडल्यासारखे होऊ नये, म्हणून कोल्ह्याने त्यावर सागाची पाने पसरली. शेवटी लिंबाजीने यंत्रावरची एक कळ दाबली. कोड पुसला गेला आणि दिवा विझला.

टाळ्या पडल्या. पिकअपला लिंबू-मिरची बांधली गेली. सांगायला वाईट वाटते, पण टाळ्या वाजवणाऱ्यांत म्हाळूही होता.

दुपारी घाटात त्याच वळणावर गाडी ओरडत उभी राहिली आणि मागे घसरायला लागली. म्हाळूने ती कशीबशी एका झाडाला टेकवली. टाकी कलंडली, पाणी आल्या वाटेने नदीकडे निघून गेले. दिवा मात्र लागला नाही. लिंबाजीने त्याची वायरही कापून ठेवली होती.

म्हाळू खाली येऊन हे सांगू लागला, तर लिंबाजीने त्यालाच समजावले. गाडी दुरुस्त आहे, म्हणजे ती वर चढली आहे, म्हणजे पाणीही पोचले आहे. आता वर कुणाला तहान लागली असेल, तर बिघाड त्या जनावरात असणार. सगळ्यांना हे पटले. लिंबाजी यंत्र घेऊन झाडांवरून उड्या मारत पठाराकडे निघाला.

पिकअप यायच्या आधी म्हाळूचा बाप पाठीवर पखाल टाकून पाणी वर न्यायचा. ते काम आता हलके समजले जाई. म्हाळूने ती पखाल कपारीतून ओढून काढली, नदीत भरून घेतली आणि घाट चढायला लागला.

वर आत्या पळसाखाली पडली होती. लिंबाजीने तिच्या कानात वायर खुपसली होती. यंत्र कोरे होते.

“कोड काही येत नाही. आत्याबाई, तुम्हाला तहान नाही,” लिंबाजी म्हणाला.

“नसेल बाबा. एवढं यंत्र कशाला खोटं बोलेल,” आत्या म्हणाली. बोलताना तिची जीभ टाळूला चिकटत होती.

मग तिने पखालीला तोंड लावले आणि ती पार रिकामी केली.

“म्हाळू, उद्या पण आण रे,” ती म्हणाली. “तहान नाही, पण आण.”

लिंबाजीने खाली येऊन तक्रार केली. तहान नसलेल्या जनावराला पाणी पाजले म्हणून म्हाळूची पिकअप काढून घेण्यात आली. ती आता जंगलाच्या मधोमध उभी असते. दुरुस्त.

तात्पर्य: बाळांनो, घसा कोरडा पडला म्हणून लगेच पाणी मागू नये, आधी यंत्राला विचारावे. दिवा फारच त्रास देऊ लागला तर त्याची वायर कापावी. गाडी घाट चढते की नाही, हे तहानलेल्यांनी बघावे. शहाण्यांना तिकडे जायचे नसते.