तपासणी क्रमांक सतरा

सुमनअक्कांच्या हातात आपला मोबाइल कधीही देऊ नये. दिलाच, तर लगेच खाली वाकून दोन्ही हात पसरावेत. कारण अक्का आधी त्याची प्रत्येक कळ अकरा वेळा दाबतात, मग तो कानाशी नेऊन हलवतात, आणि तुम्ही 'अहो, अहो' म्हणेपर्यंत गुडघ्याच्या उंचीवरून सोडून देतात.

"ओरडता कशाला? टेस्ट आहे," असं वर म्हणतात.

कन्नड मुलखातल्या चामराजपेटच्या आमच्या मराठी मंडळाची मी सेक्रेटरी. मंडळाच्या सूचनांत 'चपला बाहेर काढाव्यात'च्या खाली 'मोबाइल पर्समध्ये ठेवावेत' ही सूचना मी घातली, ती अक्कांमुळे.

अक्कांनी होसकोट्याच्या एका कारखान्यात सत्तावीस वर्षं ट्रान्झिस्टर आणि टेपरेकॉर्डर तपासले. प्रत्येक सेटच्या मागच्या झाकणाला आतून तपासणारीच्या नंबराची चिठ्ठी चिकटवायची, अशी तिथली पद्धत होती. अक्कांचा नंबर सतरा. कारखाना केव्हाच बंद पडला, तिथे आता गोदाम आहे, पण अक्का काही कामावरून सुटलेल्या नाहीत. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरांचं बीपीचं यंत्र, लिफ्टची बटणं, सगळं त्या तपासतात. शेरे दोनच: 'पास' नाहीतर 'स्वल्प कच्चं'. डॉक्टरांचं यंत्र स्वल्प कच्चं निघालं, तेव्हापासून डॉक्टर त्यांना आधी आत बोलावतात.

फुकट सेवाही आहे. "माळ्यावर जुना रेडिओ आहे का? साफ करून देते," असं त्या कुणालाही विचारतात. मागचं झाकण उघडतात, फुंकर मारतात, छोट्या वहीत काहीतरी टिपतात, झाकण लावतात. आम्हाला वाटायचं, धुळीचा हिशोब असेल.

अक्कांचं खरं वैर एकाच कंपनीशी. कोणती ते मी लिहीत नाही. अक्काही नाव घेत नाहीत. 'वाढपीण' म्हणतात.

मागच्या महिन्यात केदारने, म्हणजे पुण्याहून आलेल्या आमच्या सॉफ्टवेअरवाल्या सभासदाने, सुचवलं की तरुण मंडळी यावीत म्हणून एक वादविवाद ठेवू. विषय त्यानेच दिला: या कंपनीने घरगुती इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार खरोखर घडवला का? विरोधी बाजूला कोण, हे विचारावंच लागलं नाही. अक्का इस्त्रीची साडी नेसून पहिल्या खुर्चीत बसल्या होत्या.

मी घंटा आणि घड्याळ घेऊन बसले. प्रत्येकी सात मिनिटं.

केदार चांगला बोलला. तक्ते दाखवले. शेवटी म्हणाला, "त्यांच्याआधी मार्केट होतंच कुठे? क्वालिटी काय असते, हे लोकांना त्यांनी शिकवलं."

अक्का उठल्या. "त्यांनी शिकवलं? मग आम्ही सत्तावीस वर्षं काय चुरमुरे पाखडत होतो?"

पहिल्याच वाक्याला टाळ्या.

"अहो, जावांनी मिळून सगळा स्वयंपाक करायचा. सर्वांत शेवटी एक नवी सून यायची, चांगली साडी नेसून वाढायला उभी राहायची. पाहुणे म्हणतात, काय सुगरण आहे! सुगरण कसली? वाढपीण! माणसांनी खिशात गाणं घालून हिंडावं, ही सवय आधीच लागलेली होती. ज्यांनी लावली, त्यांची नावं कोणी विचारली?"

मागच्या रांगेतल्या बायका हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. अक्का जिंकणार, हे मला घंटा वाजवायच्या आधीच दिसत होतं.

तेवढ्यात केदारने आपला फोन पुढे केला. "अक्का, भाषण राहू द्या. हा घ्या, त्यांचाच आहे. तुम्हीच तपासा. पास की कच्चा?"

केदारची बायको म्हणाली, "अरे, हप्ते चालू आहेत!" पण उशीर झाला होता. फोनला कळा मोजून तीन. त्या अकरा-अकरा वेळा दाबून झाल्यावर अक्कांचा चेहरा थोडा हिरमुसला. कानाशी नेऊन हलवला. मग सोडला, हॉलच्या फरशीवर. उचलला, उलटसुलट करून पाहिला. सगळा हॉल त्यांच्याकडे बघत होता. 'स्वल्प कच्चं' एवढंच म्हणायचं होतं. कोण तपासायला येणार होतं?

"पास," अक्का म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

मतदान झालं. अक्कांच्या बाजूने नऊ हात, केदारच्या बाजूने बावीस. सगळे पोह्यांकडे वळले, तशा अक्का माझ्या टेबलाशी आल्या.

"माझा विरोध लिहा, सेक्रेटरीबाई. फोन पास झाला. बाजार त्यांनी घडवला, हे पास नाही."

"अक्का, कच्चं म्हणाला असतात तर जिंकला असतात."

"नंबर लावून खोटं बोलता येत नाही," म्हणाल्या. "विरोध लिहा."

इतिवृत्तात निकाल लिहायचा, तक्रारी नाहीत, हा माझाच नियम. मी लिहिला नाही.

पुढच्या रविवारी माझ्या यादीत चार वर्षं पडून असलेलं 'माळा आवरणे' हे काम मी उरकलं. सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर सापडला. कारखान्याचं नाव ओळखीचं वाटलं, म्हणून अक्कांना बोलावलं. त्यांनी चार स्क्रू काढले. आत पिवळी पडलेली चिठ्ठी. नंबर नऊ.

"अरेरे, तुमचा नाही," मी म्हणाले.

अक्कांचं बोट त्या चिठ्ठीवर होतं. "पद्मा," त्या म्हणाल्या. "शिंक आली तरी हिच्या हातातला सेट हलायचा नाही." आणि वही काढली.

याद्या मला कळतात. ही फार चांगली यादी होती. एक ते चोवीस नंबर, पुढे नाव, पुढे सेट कुठे सापडला ते. 'फातिमा: शिंप्याच्या दुकानात, वाजतो.' 'सरोजा: जयनगर, डॉक्टरांच्या आईकडे, वाजत नाही, बघायचं.' नऊच्या पुढे अक्कांनी माझं नाव लिहिलं.

"या सगळ्या असतात कुठे आता?"

"गेट बंद झालं, तशी कोण कुठे, कोण कुठे. काही गेल्या. काहींचा पत्ता नाही. सेट सापडतात पण."

सतराच्या पुढची जागा कोरी होती.

"तुमचा नाही सापडला?"

"माझा कशाला शोधू?" अक्का झाकण लावत म्हणाल्या. "मी आहे की."

मग नवे सेल घालून त्यांनी खटका अकरा वेळा चालू-बंद केला. बाराव्या वेळी कन्नड बातम्या लागल्या. "पास," म्हणाल्या, "पद्मा पास," आणि चहा न घेताच निघाल्या.

त्या गेल्यावर मी इतिवृत्ताची वही उघडली आणि निकालाखाली अक्कांचा विरोध लिहिला, त्यांच्याच शब्दांत. मग मंडळाच्या ग्रुपवर सूचना टाकली. अक्का ग्रुपवर नाहीत, त्यांचा फोन साधा, कळांचा आहे.

'जुना रेडिओ भंगारात देण्याआधी मागचं झाकण उघडून बघावं. आत सतरा नंबरची चिठ्ठी दिसल्यास सेक्रेटरीला ताबडतोब कळवावं. सुमनअक्कांना सांगू नये.'