कसली हो खोली

अख्ख्या गल्लीत भूसंपादनाचा कायदा कुणाला कळत असेल तर तो आपल्यालाच, याबद्दल मीनलच्या मनात तिळभर शंका नव्हती. अंबरनाथच्या शिवमंदिराकडे जाणारा रस्ता रुंद व्हायचा होता आणि गल्लीतल्या प्रत्येक घराचा पुढचा भाग त्यात जाणार होता. प्राचीला दात येत असल्यामुळे मीनलला तशीही झोप नव्हती. किरकिरं पोर कडेवर घेऊन ती दारोदार हक्क सांगत फिरली. मोजणीला मालकानं हजर राहायचं. जागेवर जे जे आहे ते दाखवायचं. वाचल्याशिवाय सही करायची नाही.

"आणि हुज्जत घालायची?" शेजारच्या बबनभाऊंनी आशेनं विचारलं.

"नाही. गोड बोलायचं."

घोटाळा इथेच झाला.

मोजणीच्या दिवशी नेमकी प्राची तापली. घर सासूबाईंच्या नावावर होतं. त्यांच्याकडून तिन्ही वाक्यं घोकून घेऊन मीनल शेअर रिक्षानं उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या डॉक्टरांकडे गेली. दुपारी घामाघूम होऊन परतली, तर सासूबाई चहाचे कप विसळत होत्या.

"येऊन गेले. फार सज्जन माणसं हो."

"काय काय दाखवलंत?"

"सगळं. साहेब म्हणाले, खोली चांगली ऐसपैस आहे. मी म्हटलं, कसली हो खोली, आडोसा आहे आपला."

मीनलनं घाईनं विचारलं, "आणि आंबा?"

"म्हटलं, कसला आंबा, नुसता पाचोळ्याचा ताप."

"बोअरवेल?"

"आहे म्हटलं आपली नावाला."

साहेबांसोबतचा कारकून कानावर पडेल ते उतरवणाऱ्यांतला होता. पंचनाम्यात आडोसा, निरुपयोगी झाड आणि नावापुरती बोअरवेल अशी मालमत्ता होती. खाली सासूबाईंची वळणदार सही.

"आई, वाचल्याशिवाय सही नाही असं ठरलं होतं ना?"

"वाचूनच केली. शब्दन् शब्द माझाच होता. मग काय, दारात आलेल्या माणसाला राजवाडा आहे म्हणून सांगू?"

ज्या खोलीत प्राचीचा पाळणा टांगला होता, त्या पक्क्या स्लॅबच्या खोलीची भरपाई आता पत्र्याच्या भावानं मिळणार होती. तेवढ्या पैशात मागच्या अंगाला दुसरी खोली उभी राहणं शक्य नव्हतं. उन्मेषला ऑफिसात फोन केला, तर नवरोबा म्हणाले, "बघ बाई काय ते, घरात वकील तूच."

मीनलनं हरकत घेतली. या खेपेला सासूबाईंकडून अधिकारपत्र घेऊन अर्जदार म्हणून स्वतःचंच नाव घातलं. फेरपाहणीला साहेब आले, सोबत तोच कारकून. सासूबाईंना तोंडात सुपारी धरून कोपऱ्यात बसायची ताकीद होती.

मीनल कुठेही अडखळली नाही. स्लॅब दाखवला, भिंत ठोकून दाखवली, बोअरचं पाणी उपसून दाखवलं, आंब्याच्या लोणच्याची बरणीसुद्धा पुढे केली. साहेब मान डोलवत राहिले. सगळं मनासारखं झालं. निघताना साहेब थांबले.

"अर्ज फार मुद्देसूद लिहिलात. गल्लीलाही हक्क तुम्हीच समजावलेत म्हणे. आमच्या ऑफिसात कुणाला इतकं येत नाही."

एवढ्या जागरणांनंतर कुणीतरी बरं बोललं होतं. मीनल लाजली.

"छे हो," ती म्हणाली, "कसली हरकत नि कसलं काय. घरबसल्या आपल्या चार ओळी खरडल्या झालं."

कारकुनाचं पेन सरसर चाललं. मग त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला.

कोपऱ्यात सासूबाईंनी सुपारी गालात सारली.

"वाचून सही कर हो, मीनल."