वेंकोबाअण्णांचा फॅन

वेंकोबाअण्णांच्या घरात भिंतीवरच्या एकाही स्विचला हात लावायची परवानगी नव्हती. सगळ्या बोर्डांवर त्यांनी चिकटपट्ट्या मारल्या होत्या. दिवा लावायचा तर सदऱ्याच्या खिशातून बटण काढायचं आणि पिस्तुलासारखं रोखायचं.

नव्वदच्या दशकात पुण्याहून बदली होऊन आम्ही नवराबायको मल्लेश्वरमला आलो, तेव्हा अण्णा समोरच्या घरात एकटे राहत. घराणं मराठी, पण कित्येक पिढ्या बेंगळूरमध्ये मुरलेलं. त्यांचं बोलणं आधी कन्नड वाटे आणि मग हळूहळू मराठी वाटू लागे. एस. पी. रोडच्या बाजारातून ते वायरलेस डोअरबेलचे स्वस्त संच आणत, त्यातली टिंगटाँग काढून टाकत आणि उरलेल्या यंत्राला दिवे, पंखा, मिक्सर जोडत.

“वायर म्हणजे दावं हो,” ते म्हणत. “मी काय म्हैस आहे काय?”

सगळी बटणं सारखी दिसत, म्हणून देवघराच्या दिव्याच्या बटणाला कुंकू, फॅनच्या बटणाला हळद आणि मिक्सरच्या बटणाला काहीच नाही, अशी व्यवस्था होती. खिशात घाम आला की व्यवस्था पुसली जाई. अण्णांच्या बायकोच्या श्राद्धाला भटजींनी देवघरात उजेड मागितला आणि स्वयंपाकघरात मिक्सर गरजला. भटजी दर्भासकट उठून उभे राहिले. अण्णा शांतपणे म्हणाले, “स्वल्प बसा. सिग्नल वाट चुकला.”

हा प्रसंग मी गल्लीतल्या गणपतीत नक्कल करून दाखवला होता. हशा भरपूर मिळाला. ‘हात उचलायचा आळस, म्हणून बटणं’ हे वाक्यही माझंच. ते अजून कुणाच्या लक्षात असेल तर आज खोडून टाकतो. अण्णांनी पहिलं बटण केलं ते अंथरुणाला खिळलेल्या बायकोसाठी, उशाशी ठेवायला. हळदीचं, फॅनचं. हे मला तेव्हाही माहीत होतं. पण त्यानं हशा मिळाला नसता.

तर हा फॅन. आमच्या दारावरची बेल नेमकी त्याच जातीच्या संचातली निघाली. अण्णांनी समोर फॅनचं बटण दाबलं की आमच्या घरात टिंगटाँग. मी दार उघडावं तर पायरीवर कुणी नाही आणि समोरच्या खिडकीत अण्णा.

“सॉरी हं! सिग्नल तुमच्याकडे आला की काय?” आणि लगेच पुढे, “ऊटा आयता?”

जेवण झालं का, हे बेंगळूरमध्ये नमस्कारासारखं विचारतात. उत्तर द्यायचं आणि उलट विचारायचं, अशी रीत. मी “हो, हो” म्हणे आणि दार लावून घेई.

हे रोज चाले. आणि बरोबर जेवणाच्या वेळी. माझा आमटीभात निवायचा.

“पाटच दाराशी मांडू का तुमचा?” सुनंदा, माझी बायको, विचारी.

शेवटी मी बेल उघडली. आत चार बारीक खटके होते. ते वरखाली केले की बेल दुसऱ्याच्या बटणाला ओळख देत नाही. दोन मिनिटांचं काम. रात्री आमटी गरम गरम प्यायलो.

काही दिवसांनी भाजीवाल्याच्या गाडीपाशी अण्णा भेटले. “तुमची बेल बिघडली काय हो?” त्यांनी विचारलं.

“छे! आता तर उत्तम चालते.”

“सरी, बरं,” ते म्हणाले आणि दुधी न घेताच गेले.

डिसेंबर आला. मल्लेश्वरममध्ये लोकांनी कपाटातून स्वेटर काढले. एका संध्याकाळी मी फाटकाची कडी लावायला बाहेर आलो आणि समोरच्या उजेडाच्या खिडकीत अण्णा दिसले. डोक्याला माकडटोपी, अंगावर शाल, आणि डोक्यावर फॅन भरधाव. त्यांनी बटण दाबलं. फॅन थांबला. त्यांनी आमच्या दाराकडे पाहिलं. पुन्हा दाबलं. फॅन सुरू. पुन्हा आमच्या दाराकडे. अंधारात उभा असलेला मी त्यांना दिसत नव्हतो.

डोअरबेलचे डझनभर संच उघडलेला माणूस. चार खटक्यांची गोष्ट त्याला माहीत नसेल?

मी आत आलो आणि बेल खाली काढली.

“आता काय बिघडलं?” सुनंदानं विचारलं.

“बिघडवतोय,” मी म्हणालो, आणि चारही खटके पूर्वीसारखे केले. पाट मांडलेला होता. मी बसलो, पण घास घेतला नाही.

टिंगटाँग.

मी दार उघडलं. खिडकीत माकडटोपी धडपडत उभी राहिली.

“सॉरी हं! सिग्नल... ऊटा आयता?”

“अजून नाही,” मी म्हणालो. “तुमचं, अण्णा?”

दोन वर्षांत मी हे पहिल्यांदा विचारत होतो. त्यांनी माकडटोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, “नाही हो. एकट्यासाठी करायचं म्हणजे...”

“मग या. आमटी आहे.”

“येतो, येतो. स्वल्प फॅन बंद करतो.”

माझ्या पाठीमागे आमची बेल पुन्हा वाजली.

“आता कोण?” सुनंदानं आतून विचारलं.

“अण्णा,” मी म्हणालो. “अजून एक ताट घे.”