फटफटीला बिब्बा

दसऱ्याच्या आत कारभारणीला फटफटीवर बसवून घरी आणतो, असं म्हसू धनगरानं पौडच्या भर बाजारात सांगून टाकलं. अर्ध्या बाजारानं ते ऐकलं आणि उरलेल्या अर्ध्याला त्याच्या शेजारच्या कोंडाजीनं संध्याकाळपर्यंत ऐकवलं. आता माघार घ्यायची सोयच उरली नाही!

फटफटी खरीखुरी होती, हे आधी सांगायला हवं. मुळशीच्या धरणाच्या कामावरचा एक साहेब विलायतेला परत गेला. जाताना त्यानं आपली जुनी फटफटी खानसाम्याला दिली आणि खानसाम्यानं दोन मेंढ्या घेऊन ती म्हसूच्या गळ्यात मारली. म्हसूला वाटलं, काय सौदा केला! फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानातून गेली. त्या दोन मेंढ्या त्याच्या नव्हत्याच. त्याची बायको राजाबाई हिला तिच्या बापानं लग्नात आंदण दिलेल्या त्या मेंढ्या होत्या, आणि त्यातली ढवळी तर तिनं हाक मारली की चरायचं सोडून धावत यायची.

राजाबाई रडली नाही, भांडली नाही. तिनं गाठोडं बांधलं.

"अगं, कुटं निघालीस?"

"घोटावड्याला. माज्या बापाकडं."

"आन् येनार कवा?"

"माजी मेंढरं चालत हुती. ही तुमची चालवून दावा! हिच्यावर बसवून न्यायला या, मंग येते. तवर न्हाई!"

आणि मेख तिथंच होती. फटफटी चालत नव्हती. म्हसूच्या घरी ती आली होती तीसुद्धा बैलगाडीतून!

राजाबाई गेली आणि म्हसूचं दोन खणांचं घर एकदम मोठं झालं. भाकरी थापायला बसला की ती एका अंगानं करपायची आणि दुसऱ्या अंगानं कच्ची राहायची. पण भाकरीचं काही नाही, माणूस कसंही पोट भरतो. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालताना राजाबाई "हिर्रर्र, या गं!" अशी एक लांब हाक मारायची. ती हाक आता नव्हती. म्हसूनं एकदा तशी हाक मारून पाहिली. मेंढरांनी माना वर केल्या आणि त्याच्या मागून कोणी येतंय का, ते बघत उभी राहिली. म्हसूही वळून बघत उभा राहिला. त्याला तिची फार आठवण यायची, पण हे सांगणार कोणाला?

कोंडाजी धरणाच्या कामावर साहेबलोकांच्या गाड्या पुसायचा. त्यामुळे गाडीतलं आपल्याला सगळं कळतं, असं त्याचं मत होतं.

"म्हसू, हिला रोग काय बी न्हाई! ह्यो डबा बघ, कारबुरेटर. ह्याच्या पोटात पितळंचा बारका इस्क्रू हाय, जेट म्हन्त्यात त्याला. त्याला सुईयेवडं भोक. त्यातनं पेट्रोल वर येतं. ते भोक बुजलंय. जेट काडायचा, फुकायचा, परत लावायचा!"

"येवडंच?"

"येवडंच!"

म्हसूनं मेंढरं कातरायची कातर आणली, तिचं टोक जेटच्या खाचेत घातलं आणि देवाचं नाव घेऊन जोर लावला. जेट हलला नाही. खाच तेवढी झिजून गुळगुळीत झाली! मग एरंडेल झालं, कढत पाणी झालं, खिळा ठोकून झाला. खिळा वाकला. जेट आपला आत, रुसून बसलेल्या जावयासारखा गच्च!

म्हसू डोकं धरून बसला आणि एकदम उठला.

"कोंडाजी, आरं ह्यो इस्क्रू न्हाईच! ह्यो काटा हाय!"

"काटा?"

"मेंढराच्या पायात काटा मोडला तर आपन काय करतो? वडत बसतो व्हय? बिब्बा तापवायचा, त्याचं त्याल वर सोडायचं आन् गप ऱ्हायाचं. काटा आपसूक वर येतो!"

"आरं, पन लोखंडाला बिब्बा?"

"काट्याला काय ठावं, पाय मेंढराचा हाय का लोखंडाचा!"

म्हसूनं सुईला बिब्बा टोचला, दिव्यावर धरला आणि चरचरतं तेल थेंब थेंब जेटवर सोडलं. थोडा वेळ वाट पाहिली. पण घोटावडं डोळ्यांपुढं असल्यावर माणसाला दम कुठला! मागून जरा रेटा द्यावा म्हणून त्यानं कारबुरेटर उचलला, उजवा गाल टेकवला, नळीला ओठ लावले आणि छाती फुटेस्तोवर फुंकर मारली. बिब्ब्याचं तेल ओठांवरून गालावर ओघळलं. जेट जागेवरच राहिला.

सकाळी बिब्बा उतला. म्हसूचे ओठ वांग्यांएवढे झाले, उजवा गाल भोपळ्यासारखा फुगला आणि उजवा डोळा दिसेनासा झाला!

कोंडाजीनं ते ध्यान पाहिलं आणि तडक घोटावड्याची वाट धरली. निघताना त्याच्याकडे खरी बातमी होती. खिंड चढताना त्यात स्फोट झाला, उतरताना जाळ झाला.

"वैनी, फटफटीनं म्हसूचं तोंड खाल्लं!"

राजाबाई पायात वहाणसुद्धा न घालता निघाली.

म्हसूला ती उघड्या डोळ्यानं लांबूनच दिसली. आलीस? घर खायला उठलं होतं गं! असं बरंच त्याला म्हणायचं होतं, पण ओठ उघडेनात. नुसतं डोळ्यातून पाणी आलं.

"लई आग हुतीया व्हय?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. आग होत होतीच, पण पाणी त्या आगीचं नव्हतं.

तिनं तीळ आणि खोबरं वाटून त्याच्या तोंडाला लावलं. चूल नीट पेटली. संध्याकाळी ती लांब हाक घुमली आणि मेंढरं उड्या मारत आली. घर पुन्हा दोन खणांचं झालं. म्हसूला सूज सोन्यासारखी वाटू लागली!

पण बोलता येण्याइतके ओठ उतरले, तशी राजाबाई म्हणाली, "सूज गेली की मी जानार. समद्या घोटावड्याला सांगितलंय, फटफटीवरनंच सासरी जाईन म्हून. ही आले ती तुमच्या तोंडापायी."

म्हसूनं रोज जेट पाहिला. तो तसूभर हलला नव्हता. सूज मात्र भराभर उतरली. शेवटी उजवा गाल मूळचा झाला आणि राजाबाईनं उद्या निघायचं म्हणून गाठोडं बांधलं. ते पाहून म्हसू गुपचूप मेंढरांच्या वाड्यामागं गेला.

सकाळी ती उठली आणि त्याच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"अवं, सूज उजवीकडं हुती."

"व्हय."

"आन् आता डावीकडं कशी?"

"सरकली," म्हसू म्हणाला.

राजाबाईनं गाठोडं सोडलं आणि पाट्यावर तीळ घेतले.

"ऱ्हा म्हनायचं तोंडानं. त्यापायी तोंड कशाला जाळायचं?"

तिचा शब्द आणि त्याचा शब्द, दोन्ही मोडायचे नव्हते. म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजाबाई नवं लुगडं नेसून पौडच्या भर बाजारातून फटफटीवर बसून घरी आली. पुढून म्हसू ओढत होता, मागून कोंडाजी ढकलत होता. चढ लागला तशी तिनं वरून हाक मारली, "हिर्रर्र, चला गं!" आणि म्हसूनं मान खाली घालून जोर लावला.